आक्का बसल्याबिगर मीटिंग संपत न्हाई

चिंध्या कुणी मुद्दाम गोळा करत नाही. जुनं लुगडं फाटतं, पोराचा सदरा आखूड होतो, आणि एक दिवस गाठोडं सोडावं तर आत वाकळभर चिंध्या निघतात. किश्शांचंही तसंच आहे. आमच्या कामाचे इतके किस्से साठलेत की गाठोड्यात हात घातला तर एक ओढताना चार बाहेर येतात. ऐकून बायका पोट धरून हसतात. मीही हसते. पण आतून लाज वाटते ती वाटतेच. पदर तोंडावर घ्यावासा वाटतो, आणि मग आठवतं, मीटिंगमध्ये पदर घेतला तरी आवाज जातोच!

आधी माणसं सांगते. पूजा माझी नातसून. नातू फौजेत, ती पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत. तिथं दहा-पंधरा जणांकडून वेळेवर काम करून घ्यायचं, हेच तिचं काम. मी विचारलं, "म्हंजे मुकादम?" ती म्हणाली, "हो आजी, तसंच. फक्त ऊस नसतो."

ती नोकरी सोडून ती आमच्या गावी आली, कडेगावच्या अलीकडं. आल्या आल्या महाबळेश्वरच्या बाजूच्या एका नव्या हॉटेलाचं काम घेतलं. सगळ्या खोल्यांना पुरतील एवढ्या वाकळा. शहरात हिला गोधडी म्हणतात आणि भिंतीवर टांगतात; आम्ही वाकळ म्हणतो आणि पांघरतो. एवढं काम एका गावाला उरकणारं नव्हतं. म्हणून आमच्या गावच्या बायका, आटपाडीकडची सावित्रा आणि जतकडची नीलव्वा, अशी तीन गावं फोनवर जोडली.

माझा मुलगा बापू, म्हणजे पूजाचा सासरा, हे बघत होता. त्यानं अट घातली. हॉटेल उघडायच्या आत सगळ्या वाकळा पोचल्या तर इथं राहून हेच काम कर. नाही पोचल्या तर गुमान पुण्याची नोकरी धर. पूजा "बरं मामा" म्हणाली. मला मात्र ती जायला नको होती. एवढं ध्यानात ठेवा.

*

पहिल्याच दिवशीची गोष्ट. पूजानं फोनवर एक फळा दाखवला. ती त्याला बोर्ड म्हणायची. तीन रकाने: करायचं, चालू आहे, झालं. एका वाकळेचं एक कार्ड. कार्डावर जिची वाकळ तिचं नाव आणि फोटो, म्हणजे वाचता न येणारीलाही कळावं. काम सरकलं की कार्ड बोटानं पुढच्या रकान्यात ढकलायचं.

"ह्यात सगळ्यांना सगळं दिसतं," पूजा म्हणाली. "कुणी कुणाला विचारायला नको."

हेच तिनं बोलायला नको होतं!

सगळ्यांना दिसतं? म्हणजे माझं तोंड 'करायचं'च्या रकान्यात पडलेलं जतच्या नीलव्वाला दिसणार? उन्हं वर आली तरी जिच्या दारात सडा पडत नाही तिच्याकडं गाव कसं बघतं, ते आम्हाला चांगलं ठाऊक. माझी धाकटी जाऊ तानू. तिनं गपचूप आपली कार्डं 'झालं'मध्ये ढकलली. मी बघितलं. मग मी का मागं राहू? मीही ढकलली. ते सावित्रानं बघितलं, सावित्राचं नीलव्वानं बघितलं. चहा उकळायच्या आत तिन्ही गावांच्या सगळ्या वाकळा तयार!

सुईत दोरा अजून एकीनंही ओवला नव्हता.

हॉटेलची मॅडमही त्या बोर्डावर होती. तिचा लगेच फोन आला, "पूजा, कमाल आहे तुमच्या बायकांची! गाडी उद्याच पाठवू का?"

*

पूजानं सगळी कार्डं परत 'करायचं'मध्ये आणली आणि म्हणाली, पुण्यात रोज सकाळी उभ्यानं मीटिंग घेतात. पाय दुखायला लागले की माणूस थोडक्यात बोलतो, पाव तासात उरकतं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही गावांतल्या बायका फोन भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या. बोलणं झालं. पूजा "थँक यू" म्हणाली, तेवढ्यात तिला हॉटेलचा फोन आला आणि ती अंगणात गेली.

आता पंचाईत झाली. सगळ्यांत मोठी मी. मी बसल्याशिवाय बाकीच्या बसत नाहीत, ही आमच्यातली रीत. आणि मला नातसुनेनं उभं राहायला सांगितलेलं. 'बसा' असं काही ती म्हणाली नव्हती. कंपनीची रीत काय असते, मला काय माहीत? मी उभी. म्हणून तानू उभी. म्हणून आटपाडी उभी, जत उभं.

नीलव्वा एका पायावरनं दुसऱ्या पायावर होत होती. "आवं आक्का, तुमी बसला तर आमी बसतो की वो!"

"मला कोन बस म्हनालंय का?"

"मंग आमाला तरी कोन म्हनालंय?"

पूजा परत आली तेव्हा सावित्राचं दूध उतू जाऊन चूल विझली होती.

"आजी, अजून मीटिंग चालूच आहे?"

"ते तूच सांग बाई," मी म्हटलं.

त्या दिवशी माझ्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता तानू म्हणाली, "आक्का, पुन्याच्या मान्सांचं गुडघं लय चांगलं असत्याल न्हवं?"

*

मीटिंगमध्ये पूजा तीन प्रश्न विचारायची. काल काय केलं? आज काय करणार? अडचण काय?

पहिले दोन सोपे. तिसऱ्याला सगळ्यांची तोंडं बंद. आपल्या घरातली अडचण तीन गावांपुढं कोण मांडेल? एकटी सावित्रा धीट.

"अडचन म्हंजे माझी सून," ती म्हणाली. "सुई मागितली तर कातर देती, आन कातर मागितली तर म्हायेरी जाती!"

आम्ही सगळ्या हसलो. सावित्राचा फोन हलला. मग हळूच फिरला. सावित्रा दिसायची बंद झाली आणि तिच्या सुनेचं तोंड दिसायला लागलं. फोन तिचाच, आणि हातात धरून उभीही तीच!

"आत्ती," सून म्हणाली, "उद्यापास्नं फोन म्हशीच्या शिंगाला बांदा."

नीलव्वाचं मात्र रोज एकच उत्तर. "काय अडचन न्हाई. समदं बेस." पण तिची कार्डं काही हलत नव्हती. तानू मला कोपरानं ढोसायची, "बेस हाय म्हंती, मंग वाकळ कुठाय?"

एक दिवस नीलव्वाच्या पाठीमागं घागरींची रांग दिसली. लांबच लांब. टँकरच्या रांगेत उभी राहूनच ती मीटिंग करत होती. एका खांद्यावर वाकळेची घडी, त्यात सुई खोचलेली.

पूजानं विचारलं, "नीलव्वा, ही अडचण नाही का? सांगायचं नाही का?"

नीलव्वा मागं वळून बघायला लागली, कुठली अडचण ते शोधायला. "हे व्हय? यव्वा, हे तर रोजचंच हाय की!"

तानूनं सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा आधीच होता.

*

आता माझं ऐका. हा किस्सा मी कधीच स्वतःहून सांगत नाही, तानू सांगते आणि मी उठून गोठ्याकडं जाते.

माझं बोलून झालं की मी फोन पालथा घालायची. तोंड जमिनीकडं केलं की आपण मीटिंगच्या बाहेर, अशी माझी समजूत. त्या दिवशी फोन पालथा घातला आणि तानूशी बोलत बसले. पूजा आतल्या खोलीत, तिच्या फोनवर.

तानू म्हणाली, "आक्का, पोरगी लय वाळली वो."

"वाळंल न्हाई तर काय करंल? बापूनं अट घातलीया. हाटेल उगडायच्या आदी वाकळा पोचल्या तर ऱ्हा, न्हाईतर पुन्याला जा. आन ती हाटेलवाली मॅडम रोज नवा रंग सांगती. तिला सोताला तरी ठावं हाय का, काय पायजे ते?"

"मॅडम दिसायला बरी हाय पर."

"बरी कसली! कडब्याचं चिपाड. दोन भाकरी चारा म्हनावं तिला कुनीतरी."

जमिनीतून आवाज आला, "आजी, भाकरी चालेल मला. आणि रंगांचं लक्षात ठेवते."

मला फोन उलटा करायचाही धीर होईना. रंग सांगायला मीटिंगमध्ये आलेली मॅडम, सावित्रा, सावित्राची सून, नीलव्वा, सगळ्यांनी ऐकलं. मॅडमचं सोडा, पण घरातली अट! चार भिंतींतली गोष्ट मी तीन तालुक्यांत पोचवली. पूजा बाहेर आली. तिच्या तोंडाकडं मी बघितलं नाही, बघवलंच नसतं. "असू दे आजी," एवढंच म्हणाली ती. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

दिवस मावळायच्या आत बापूला पाणंदीत कुणीतरी विचारलंच, "काय बापूराव, सुनंला हाकलताय म्हनं?" जेवताना तो मान खाली घालून जेवला. हात धुताना म्हणाला, "आई." बस्स. पुढं काही नाही. मी माझं ताट तसंच उचललं.

पण दुसऱ्या दिवसापासून गंमत बघा. बोर्डावरची कार्डं पळायलाच लागली! सावित्राची सून न मागता सुई द्यायला लागली. नीलव्वा टँकरच्या रांगेत आडव्या उभ्या दोन्ही टाक्यांनी वाकळ पुरी करायला लागली. जिला जे कळायचं ते कळलं होतं.

*

कामाला वेग आला तशी पूजानं बोर्डावर चौथा रकाना घातला, 'तपासायचं'. वाकळ तपासायची, तिचा फोटो टाकायचा, मगच 'झालं'मध्ये ढकलायचं. म्हणजे पहिल्या दिवसासारखं कुणाला करता येऊ नये.

तानूनं पहिला फोटो टाकला. वाकळ सुरेख. वाकळेच्या वरच्या टोकाला माझ्या दिराचं डोकं. तोंड उघडं, डोळे मिटलेले.

पूजा म्हणाली, "तानूआजी, हे काय?"

"तपासलं की! वाकळंची ऊब तपासायची न्हवं? ह्यांच्या अंगावर टाकली. घोरायला लागलं, म्हंजे पास!"

तोवर फोटोखाली मॅडमनं लिहिलं होतं, "वाकळ आवडली. काका प्रत्येक खोलीत मिळतील का?"

हे दिरांना कुणीतरी वाचून दाखवलं. त्यानंतर ते कितीतरी दिवस दाराला आतून कडी लावून झोपायचे.

*

पहिली गाडी भरून गेली. पूजा खुशीत. बापूसुद्धा गाडीला दोर बांधायला आला होता. आणि मग एका सकाळी मॅडमनं स्वतःहून मीटिंग लावली. तिच्या हातात आमची एक वाकळ, कोपरा कात्रीनं उसवलेला. कोपऱ्यातून मुंग्यांची ओळ चाललेली.

"पूजा, हे काय आहे?"

"धागा असेल मॅडम, किंवा कापूस..."

"भाकरी आहे, पूजा."

पूजा बोर्ड धुंडाळायला लागली. कापड धुणं, बेतणं, थर लावणं, टाके, कड, सगळ्याची कार्डं होती. भाकरीचं कार्ड नव्हतं.

कुठून असणार? वाकळ पुरी झाली की शेवटचा कोपरा मिटायच्या आधी त्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा. वाकळेला घास. पांघरणारा कधी उपाशी झोपू नये म्हणून. माझ्या आईनं ठेवला, तिच्या आईनं ठेवला. हे कधी कुणी कुणाला सांगतं का? झोपेतून उठलं की डोळे उघडायचे, असं पूजानं तरी कुठं लिहिलं होतं?

पण ती कॅमेऱ्यापुढं उभी होती आणि तिला काही माहीत नव्हतं, एवढं खरं. आम्ही सगळ्या जाणत्या बायका पायाच्या अंगठ्याकडं बघत उभ्या. शेवटी मी म्हटलं, "घास हाय मॅडम. आमी ठिवलाय. पोरीला ठावं न्हाई."

मॅडमनं हातावरच्या मुंग्या झटकल्या. मग म्हणाली, "सगळ्या वाकळा मी उघडून बघितल्या. जतकडच्या वाकळांना मुंग्या नाहीत. त्यांच्या कोपऱ्यात ज्वारीचा एक दाणा आहे."

सावित्रानं विचारलं, "आगं नीलव्वा, तू भाकरी न्हाई घालत व्हय?"

"घालावी वाटती की," नीलव्वा म्हणाली. "पर आमच्यात भाकरी मागं ऱ्हात न्हाई. म्हनून दाना."

'समदं बेस' ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. आमच्या गावाला चारी बाजूंनी ऊस, कॅनॉलचं पाणी, आणि आम्ही मुंग्यांना भाकरी चारत होतो. सावित्रानंही पदर पुढं ओढला.

"दाणा चालेल मला," मॅडम म्हणाली. "पण भाकरी सगळी काढा."

गाडी परत आली. आम्ही कोपरे उसवले, भाकरी काढली, दाणा ठेवला, परत शिवले. हात भराभर चालत होते, पण हॉटेल काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं. ते उघडलं. आमच्या वाकळा नंतर पोचल्या. मॅडमनं गोड मानून घेतल्या.

पण बापूची अट मॅडमशी नव्हती.

*

बोर्ड रिकामा झाला. सगळी कार्डं 'झालं'मध्ये, आणि ह्या खेपेला खरोखरची. 'करायचं'च्या रकान्यात तेवढं एक नवीन कार्ड होतं. त्यावर पूजाचा फोटो. तानूच्या नातीनं वाचून दाखवलं: "पुण्याला जाणे." सगळ्यांना सगळं दिसलं पाहिजे, हा तिचाच नियम ना!

सकाळची मीटिंग. बापू पुढच्या सोप्यात चहा घेत बसलेला. आम्ही उभ्या. त्या दिवशी पूजानं कुणालाच काही विचारलं नाही, स्वतःचंच सांगितलं.

"काल बोर्ड संपवला. आज सामान भरणार." जरा थांबली. "अडचण काही नाही. समदं बेस."

पलीकडं नीलव्वाचं तोंड उतरलं.

"थँक यू सगळ्यांना," पूजा म्हणाली. "बसा आता."

मी बसले नाही.

तानूनं माझ्याकडं बघितलं आणि टेकवलेला हात भिंतीवरनं काढून घेतला. सावित्रा उभी. तिची सून फोन धरून उभी. नीलव्वा कमरेवर घागर घेऊन उभी.

"आजी, बसा ना. ह्या वेळी मी बसा म्हटलंय."

"आयकलं मी."

तेवढ्यात फोनवर मॅडमचा चौकोन उघडला. काय चाललंय, असं तिनं विचारलं नाही. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

बापूनं कप तोंडापासून खाली घेतला. "आई, बस की. गुडघं दुखत्याल."

"दुखत्यात."

"मंग?"

"मुंग्या आमी घातल्या. पोरीनं न्हाई. आता कुठल्या तोंडानं बसू?"

"आगं पर ह्या बाकीच्या..."

"मी बसल्याबिगर ह्या बसत न्हाईत. तुला ठावं हाय."

चहावर साय धरली. सोप्यात फक्त कुणाची तरी बांगडी वाजायची, पाय बदलताना. बापू एकदा माझ्याकडं, एकदा फोनकडं बघत होता. मग उठला. शर्टाला हात पुसले आणि पूजाच्या हातातला फोन घेतला. तो बोर्ड त्यानं जन्मात बघितला नव्हता. जाड बोट काचेवर इकडं तिकडं फिरत राहिलं.

"पोरी," तो म्हणाला, "हे तुझं कार्ड... कुठं ढकलायचं असतंय?"

पूजा त्याच्या बोटाकडं बघतच राहिली.

तानू पुढं झाली. "आन हिकडं, मी सांगती. हितं, 'झालं'मधी ढकल. आमी पयल्या दिशी आसंच केल्तं. काम न करता झालं!"

बापूनं बोट ठेवलं आणि ढकललं.

जतवरनं आवाज आला, "आक्का, आता तरी बसा की वो! कमरंवर भरल्याली घागर हाय माज्या!"